गावात स्वतः चिऱ्याचं घर बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, वाडवडिलांच्या जागेत, मी चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाच्या चौकोनी ठोकळ्यांचं, कौलारू घर बांधलं. पडवी धरून २० फूट बाय २५ फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. दोन हंगाम लागले. मी इंजिनिअर नाही, गवंडीही नाही. डोंबिवलीहून रजा काढून जाणारा, सिमेंटची गोणी उचलताना पाठ धरणारा माणूस आहे. तरी घर झाल्यापासून ओळखीचे, अर्धओळखीचे आणि अजिबात अनोळखी लोक तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर प्रत्येकाला अर्धा तास सांगण्यापेक्षा हे लिहून ठेवतो.

आधी एकच गोष्ट सांगायची तर कोणती?

पाणी. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या छपराची आडवी पसरण साधारण ७५ चौरस मीटर आहे. म्हणजे दर पावसाळ्यात या एवढ्याशा घरावर सव्वादोन लाख लिटर पाणी कोसळतं. हे पाणी घरापासून लांब कसं न्यायचं, एवढाच विचार बांधकामात करायचा असतो. खिडकीची नक्षी आणि फरशीचा रंग ही नंतरची करमणूक.

चिराच का? विटा किंवा ब्लॉक का नाहीत?

चिरा घाटाखाली पायाशी मिळतो आणि तो लावणारा गवंडी गावातच असतो. विटा बाहेरून येतात, घाट उतरताना फुटतात आणि आमच्या गवंड्याला त्या लावायचा कंटाळा येतो. हे शेवटचं कारण गमतीने लिहिलेलं नाही. ज्या सामानावर हात बसलेला असतो त्याचंच काम चांगलं होतं.

जांभ्याची एक गंमत आहे. खाणीत तो मऊ असतो, पात्याने कापता येतो. हवा लागली की हळूहळू कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या अंगडीपुरमला लोक हा दगड कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून देवळं, विहिरी, पाखाड्या आणि गडगे याच दगडाचे आहेत.

व्हिडिओत लाकडी ओंडक्यांच्या भिंतींची घरं दिसतात. तसं कोकणात बांधता येईल का?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

त्या पद्धतीला कॉर्डवूड म्हणतात. ‘कॉर्ड’ हे तिकडचं सरपण मोजायचं माप: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. सरपणासारखेच एक-दीड फुटाचे ओंडके भिंतीत आडवे रचतात. ओंडक्याची एक कापलेली बाजू घरात आणि दुसरी बाहेर. चुना-सिमेंटचा मसाला भिंतीच्या फक्त दोन कडांना पट्ट्यासारखा घालतात, मधली पोकळी भुसा आणि चुना मिसळून भरतात. मसाल्यातही भिजवलेला भुसा घालतात, म्हणजे तो सावकाश सुकतो आणि तडकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि उत्तर न्यूयॉर्क, कॅनडात क्युबेक, ऑन्टारिओ या भागांत अशी जुनी घरं उभी आहेत. तिथे देवदारासारखं हलकं लाकूड मुबलक, थंडी उणे वीस-पंचवीसपर्यंत. दीड फुटाची ती भिंत घराला दुलईसारखी. एकट्यादुकट्या माणसाला उचलता येतील एवढेच तुकडे असतात, म्हणून हौशी लोकांना ती पद्धत आवडते. मलाही आवडते. मी तिच्याच नादाने या वाटेला लागलो.

पण कोकणात नको. लाकूड कापलेल्या तोंडाकडून पाणी सर्वांत जास्त पितं आणि या भिंतीत शेकडो तोंडं बाहेर उघडी असतात. जुलैत ती फुगणार, एप्रिलात आकसणार, प्रत्येक ओंडक्याभोवती फट पडणार. त्या फटीतून वाळवी आत येईल तेव्हा तिच्यासाठी पंगतच मांडलेली असेल. शिवाय दुलईची आपल्याला गरज नाही. आपल्याला वारा हवा, सावली हवी, कोरडं जोतं हवं. ओंडक्यांची हौस असेल तर अंगणातल्या बैठकीची कमरेएवढी भिंत करून बघा, तीही छपराखाली.

सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. पुढे जाऊ का?

थांबा. आजोबांच्या नावची जागा म्हणजे तुमची जागा नव्हे. वारसनोंद झालेली असली तरी सामाईक हिस्सा असतो आणि कुठला कोपरा कोणाचा हे कागदावर नसतं. तुम्ही बांधायला घेतलंत की ज्या चुलत्यांनी वीस वर्षं गावचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांना अचानक माती आठवते. आमच्याकडे नावं अकरा होती. संमतीपत्रं गोळा करायला घर बांधण्याइतकाच वेळ गेला. एका आत्याला सही करायची होती, पण आधी घरी जेवायला या असा हट्ट होता. चार वेळा जेवलो.

वाटप करून, मोजणी आणून, हद्दीचे दगड रोवून मगच कुदळ मारा. आणि जागेपर्यंत जाणारी वाट कोणाच्या सातबाऱ्यातून जाते ते बघा. चिऱ्यांचा ट्रक पायवाटेने येत नाही.

मी शेतकरी नाही. जागा विकत घेता येईल?

शेतजमीन नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आड येतं. बिनशेती झालेला प्लॉट किंवा गावठाणातलं घर घेता येतं. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारसाने नाव लागलं तर तुम्ही शेतकरी ठरता, म्हणून ती नोंद आधी करून घ्या. ‘माझ्या नावावर घेऊ, तुम्ही वापरा’ असं सांगणाऱ्या एजंटाला चहा पाजून निरोप द्या.

परवानगी कोणाची लागते?

गावठाणात असाल तर सुरुवात ग्रामपंचायतीपासून. बाहेर असाल तर तहसील आणि नगररचना विभाग. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदललेत, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी सवलत आहे, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ज्याने घर बांधलं त्याचा सल्ला न घेता तलाठ्याला आणि एखाद्या स्थानिक आर्किटेक्टला आजचं विचारा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा बघितल्याशिवाय एक घमेलं मातीही हलवू नका.

घर नेमकं कुठे बसवायचं?

जुलैत छत्री घेऊन जागेवर जा. एप्रिलात सगळ्याच जागा छान दिसतात. जुलैत कळतं की तुम्ही जिथे देवघर कल्पिलं होतं तिथून वरच्या सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा, व्हाळ (ओढा) वाहतो. आम्ही बांबूच्या कामट्या रोवून पाण्याच्या वाटा खुणावल्या आणि घर मूळ बेतापेक्षा पंधरा फूट पुढे सरकवलं. मागच्या बाजूला उताराच्या वर एक चर खणला, पाणी घराला वळसा घालून जातं.

नारळाखाली घर नको. कारण सांगायला नको.

काम कधी सुरू करायचं?

दसरा-दिवाळीला पाया, फेब्रुवारीपर्यंत भिंती, एप्रिलअखेर छप्पर. मृगाच्या आधी एक महिना हातात ठेवा, कारण तो महिना जातोच. शिमग्याला आठ-दहा दिवस कोणी कामावर येणार नाही. पालखी घरी यायची असते, तुम्हीही त्या दिवसांत घमेलं धरू नका. गणपतीत तर विषयच नाही. दुसरी अडचण पाण्याची. सड्यावरच्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात आणि भिंतीला पाणी मारायचं असतं नेमकं तेव्हाच. जांभा चाळणीसारखा आहे, पावसाचं पाणी धरून ठेवत नाही. पाणी लागणारी कामं फेब्रुवारीतच उरका.

चांगला चिरा कसा ओळखायचा? किती लागतील?

खाणीवर स्वतः जा. फोनवर मागवलेला चिरा म्हणजे न बघता केलेलं लग्न. हातोडीने टोला मारा: खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर सोडा. पांढऱ्या मऊ मातीच्या गाठी जास्त दिसत असतील तर तो चिरा दोन पावसाळ्यांत बोटाने कोरता येईल. संशय वाटला तर एक चिरा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी कडा घासून बघा. कापल्याकापल्या लावू नका, काही आठवडे उन्हावाऱ्यात रचून ठेवा.

आमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद आणि ७ उंच. खाणीप्रमाणे मापात अर्धा-एक इंचाचा फरक पडतो. वजन तीस किलोच्या आसपास. नऊ इंची भिंतीला शंभर चौरस फुटांमागे १३० च्या आसपास चिरे बसतात. पाया आणि जोतं जाड असल्याने तिथे जास्त खपतात, लोक हे धरायला विसरतात. आम्ही सगळे मिळून २,२०० आणले. शंभरेक उरले, त्यांचं तुळशीवृंदावन आणि न्हाणीघराची पायरी झाली.

पाया किती खोल खणायचा?

कडक जांभा लागेपर्यंत. सड्यावर तो दीड-दोन फुटांवर लागतो, तिथे उगाच पाच फूट खणून मजुरी घालवू नका. कुळागरात, भाताच्या मळ्यात मात्र माती खोल असते, तिथे इंजिनिअरला दाखवा. जोतं जमिनीपासून निदान दोन फूट वर घ्या. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून उसळतं ते फूट-दीड फूट वर येतं. जुन्या घरांची जोती उंच असायची ती रुबाबासाठी नाही. जोत्यात भरणी करताना सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारा, चोपा. आम्ही एक थर चोपायचा आळस केला. दुसऱ्या वर्षी माजघरातल्या कोब्याला भिंतीच्या कडेने बोटभर भेग आली. अजून आहे. मुंग्या तिथूनच येतात.

मातीत बांधू, चुन्यात की सिमेंटात?

जुनी घरं लाल मातीत बांधलेली आहेत, कुठे चुन्यात. कोकणात शिंपले भाजून चुना करत. आज चुना मळणारा माणूस शोधायलाच महिना जाईल, म्हणून बहुतेक जण एकास सहा सिमेंट-वाळूत बांधतात. आम्हीही. फक्त ‘मजबूत व्हावं’ म्हणून सिमेंट वाढवू नका. मसाला चिऱ्यापेक्षा कडक झाला की भेग सांध्याऐवजी चिऱ्यातून जाते. खाडीची वाळू असेल तर गोड्या पाण्याने धुतलेली आहे का ते पाहा. चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. गवंडी हसतील, हसू देत.

दिवसाला किती भिंत चढवायची?

चार-पाच थर, म्हणजे तीन फुटांच्या आसपास. ओल्या मसाल्यावर जास्त ओझं नको.

एका चिऱ्याला किती वेळ लागतो हे मी पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं. आमच्या गवंडीकाकांनी चिरा आधी पाण्यात बुडवून काढला, कारण कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषतो. मग मांडीला टेकवून तासणीने खालची बाजू चार घावांत सपाट केली. लाल चुरा पायाच्या बोटांत साचत होता. थापीने मसाला पसरला, चिरा ठेवला, तासणीच्या दांड्याने दोन टोले मारले, दोरीशी एक डोळा मिटून बघितलं, तिसरा टोला मारला. ओळंबा सोडला. खालच्या थराचा उभा सांधा वरच्या चिऱ्याच्या पोटाखाली आला की नाही हे हाताने चाचपलं, त्याला सांधेमोड म्हणतात. सगळं मिळून चार मिनिटं. मला त्याच कामाला बावीस मिनिटं लागली आणि नंतर काकांनी माझा चिरा काढून पुन्हा लावला. काही बोलले नाहीत.

भूकंपात दगडी घर टिकेल का?

घाबरण्याचं कारण इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं पडली, त्यांच्या भिंती जाड पण गोलसर दगड मातीत रचलेल्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता आणि वर मातीच्या माळवदाचं भयंकर ओझं होतं. चिऱ्याची भिंत चौकोनी तुकड्यांची, सांधेमोड असलेली असते आणि वरचं कौलारू छप्पर तुलनेने हलकं. पण कोयना आपल्या अगदी शेजारी आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट जुनी माणसं अजून सांगतात. तेव्हा जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर एक आणि भिंतीच्या डोक्यावर एक असे तीन काँक्रीटचे पट्टे सळया घालून सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवा. घराला तीन करगोटे बांधल्यासारखं. खर्च फार नाही. गवंडी म्हणतील, ‘आमच्या बापजाद्यांनी कधी घातले नाहीत.’ तरी घाला.

बाहेरून गिलावा करू की चिरा उघडा ठेवू?

उघडा लाल चिरा फोटोत सुंदर दिसतो, मान्य. पण जुन्या गोव्याचं बॉम जेझू चर्च एकदा नीट बघून या. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा जांभा मुळात चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेला होता. १९५० च्या दशकात दगड दिसावा म्हणून तो गिलावा काढला आणि तेव्हापासून पाऊस दगड खातो आहे. गिलावा परत करावा की नाही यावर गोव्यात अजून वाद चालतो. एवढ्या मोठ्या इमारतीला पुरेशी वळचण देता येत नाही. आपल्या बैठ्या घराला येते. माझं मत: वळचण साडेतीन-चार फूट असेल तर उघडा ठेवा, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, नीट भरा. नसेल तर चुन्याचा गिलावा द्या. बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मात्र नको. आत शिरलेलं पाणी त्याला बाहेर सोडता येत नाही आणि आतल्या रंगाचे पापुद्रे सुटतात.

कौलं, पत्रा की स्लॅब?

स्लॅब घालून त्यावर दहा वर्षांनी गळतीसाठी पत्र्याची शेड उभारायची ही कोकणातली नवी परंपरा आहे. मग पहिल्यापासूनच उतरतं छप्पर का नको?

मंगलोरी कौलं म्हणजे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यावर किनाऱ्याने वर आलेली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे नाहीतर केंबळ, म्हणजे गवताचं छप्पर. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात. उतार ३० अंशांपेक्षा कमी नको, नाहीतर वाऱ्याने पाणी उलटं चढून कौलाखाली येतं. आमच्या छपराला १,४०० लागली, वर दीडशे फुटीसाठी ठेवली. एकेक कौल सव्वादोन-अडीच किलो, म्हणजे सव्वातीन टन ओझं वाशांवर कायमचं. रिपांमधलं अंतर ठरवायच्या आधी प्रत्यक्ष आणलेलं कौल हातात घेऊन मोजा. कारखान्याप्रमाणे अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि तेवढा पुरतो.

पत्रा स्वस्त, लवकर होणारा, माकडांना न फुटणारा. पण जूनच्या रात्री त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. पत्र्यावर कौलं अंथरणारेही आहेत. ते गळत नाही, फक्त दुप्पट खर्च होतो.

वळचण किती पुढे काढायची?

माझी सगळ्यात महागडी चूक इथे झाली. एका मित्राच्या सांगण्यावरून ‘नीटस दिसावं’ म्हणून नैर्ऋत्येकडे वळचण फक्त दीड फूट ठेवली. पहिल्या जुलैत त्या बाजूने झड अशी आली की भिंत आतून कमरेपर्यंत ओली झाली. कपाटातल्या चादरींना बुरशी, खिडकीच्या चौकटीला अळंबी. शेजारच्या काकूंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, ‘झापं बांध आधी, मग रड.’ माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं त्या बाजूला कुडासारखी उभी केली, तेव्हा कुठे भाद्रपदापर्यंत निभावलं. पुढच्या वर्षी वासे जोडून चार फुटांची पडवी ओढली. आता सगळे त्याच पडवीत बसतात.

लाकूड कोणतं वापरायचं? आपल्याच बागेतला फणस तोडला तर चालेल?

साग सोन्याच्या भावाने. आमच्याकडे वाशांना ऐन आणि किंजळ, दाराच्या चौकटींना फणस, रिपांना पोफळ चालत आली आहे. आंब्याचं लाकूड छपराला नको, पोखरतं. गाव बदलतं, घरं मोडतात, तेव्हा जुन्या घरांचं लाकूड विकायला निघतं. शंभर पावसाळे सुकलेल्या वाशाला तोड नाही. आमचं आढं असंच आलं, त्यावर कोणीतरी कोळशाने लिहिलेला भाताचा हिशेब अजून दिसतो.

झाड तुमचं असलं तरी परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ सगळे आहेत. वनखात्याकडे अर्ज करा. आणि तोडलेलं लाकूड निदान वर्षभर सावलीत सुकवा.

वादळात छप्पर उडेल का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत छपरं गेली. कौलं सुटी असतात, त्यातून वारा निसटतो म्हणून कधीकधी सांगाडा वाचतो. पत्र्याचं मात्र पतंगासारखं होतं. भिंतीच्या डोक्यावरच्या पट्ट्यातून सळई किंवा लोखंडी पट्टी वर काढून वासे त्याला जखडा. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींतली कौलं तारेने बांधा.

वाळवीचं काय?

लाकूड मातीला आणि थेट भिंतीला टेकवू नका. जोत्याची भरणी करताना औषध मारून घ्या. जुना उपाय काजूच्या टरफलांच्या तेलाचा, वाशांना दोन हात. हातमोजे घालूनच लावा. मी एका कोपऱ्यापुरते काढले होते, मनगटाला आलेले फोड महिनाभर मिरवले.

साप, विंचू?

चिऱ्यांची रास म्हणजे फुरशांची चाळ. रास हलवताना आधी काठीने ठोका, हातमोजे आणि बूट घाला, चिरा आपल्याकडची कड वर उचलून न बघता समोरची कड उचला, म्हणजे आत कोणी असेल तर ते तुमच्यापासून दूर निघेल. चावलंच तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना. लाल विंचवालाही हसण्यावारी नेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला, त्याआधी कोकणात विंचवाने माणसं पटापट जात.

स्वतःच्या हातांनी नेमकं काय करता येतं?

भिंतींना पाणी मारणं, दर्जा भरणं, भरणी चोपणं, कौलं हातोहात वर पोचवणं, लाकडाला तेल, भिंतींना चुना, जमीन सारवणं. ओळंब्याचं काम, छपराचा सांगाडा आणि वीज दुसऱ्यांना द्या. कौलं चढवायच्या दिवशी वाडीतले पंचवीस जण आले, साखळी लावून तीन तासांत चौदाशे कौलं वर. मजुरी कोणी घेतली नाही, कोंबडीवडे मात्र मोजून ठेवले नव्हते.

खर्च किती आला?

आकडा सांगत नाही, कारण चिऱ्याचा भाव खाणीवर वेगळा, तुमच्या अंगणात वेगळा आणि वाट चढाची असेल तर आणखी वेगळा. आमच्याकडे सर्वाधिक पैसे छपराच्या लाकडाला गेले, मग मजुरी, मग चिरा. चिरा तिसरा, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. वाहतूक धरली तर तो दुसरा येतो.

आम्ही वर्षातले दहा महिने मुंबईत. बंद घर टिकेल का?

बंद घर लवकर जातं. पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांना लागायचा, किडा धरत नसे. आता गॅस आला आणि माणसंही गेली. गावात कोणालातरी किल्ली द्या, महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा, पावसाळ्यात निदान एकदा आत शेकोटी करायला सांगा. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करून घ्या: कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची. ते काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत, त्यामुळे होळीलाच त्यांना सांगून ठेवा.

आमची किल्ली त्याच काकूंकडे असते. परवा सकाळी साडेसहाला फोन आला, मी लोकलमध्ये लोंबकळत होतो. ‘हुप्प्यानं न्हाणीघरावरची तीन कौलं सरकवलीत. दोन मी काठीनं बसवली. तिसरं फुटलंय, तिथे पत्र्याचा डबा कापून घातलाय. तू शनिवारी येतोस की गणपतीलाच?’

शनिवारचं तिकीट मिळालं.